उंची चार फूट नऊ, बजेट दहा हजार: फोल्डिंग सायकल जमेल का?

चिमणीबाई:

नमस्कार. सायकलीतलं मला एवढंच कळतं, की चेन पडली तर काडी घालून बसवता येते. तेव्हा प्रश्न बावळट वाटला तरी सांभाळून घ्या.

मी बेळगावात वडगावला राहते. जांबोटी रोडला किणयेच्या पुढं एक फाटा आहे. तिथून साडेतीन किलोमीटर आत एका खेड्यातल्या मराठी शाळेत मी अतिथी शिक्षिका आहे. बस फाट्यावर सोडते. बसचा खर्च नाही, ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत आम्हा बायकांना शून्य तिकीट मिळतं. पण फाट्यापासून पुढं आपले पाय. पाऊण तास. सकाळी दूधवाला भेटला तर दोन कॅनच्या मधे अंग चोरून बसते, संध्याकाळी तोही नसतो. गाडी शिकायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा आमच्या दादानंच हात जोडले.

सायकल येते मला. आठवीत सरकारी मिळाली होती. २००६-०७ पासून कर्नाटकात आठवीच्या पोरांना मोफत सायकली वाटायचे, त्यातली. पण माझी उंची तेव्हा होती तेवढीच आजही आहे, चार फूट नऊ. त्या सायकलवर पाय कधी टेकलेच नाहीत. थांबायचं झालं की कट्टा शोधायचा. कुठल्या गल्लीत कुणाचा कट्टा आहे ते मला पाठ होतं, आणि जिथं कट्टा नाही त्या रस्त्यानं मी जायचेच नाही. दहावीपर्यंत अशीच चालवली.

आता फोल्डिंगच का, तर ठेवायला जागा नाही. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं, खाली मालकांचे माग. गल्ली एवढी अरुंद, की समोरच्यांनी मिरची परतली की आम्ही शिंकतो. सायकल घडी करून वर न्यायची आणि सकाळी बसमध्ये घालायची, असा बेत आहे.

बजेट दहा हजार, फार ओढलं तर बारा. एका दुकानात गेले, तर मालक मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला लहान मुलांची दाखवू का?" दाखवा म्हटलं, तर तिच्यावर मिकी माऊस. शाळेत गेले असते तर पोरांनी वर्षभर विषय पुरवला असता. तसंही चिमणीबाई हे नाव त्यांनीच ठेवलंय. मला ऐकू जात नाही असं त्यांना वाटतं.

तर मला हे सांगा: चाक लहान म्हणजे सीट खाली येणार का? दुकानात बघायचं ते नेमकं काय? आणि कुणी बसमधून नेतं का?

अण्णा_हिंडलगा:

फोल्डिंगचं खूळ कशाला? फाट्यावर चहाची टपरी असणारच. साधी लेडीज सायकल जुन्या बाजारातून घ्या, टपरीवाल्याकडं ठेवा, महिन्याला शंभर रुपये टेकवा. ना घडी, ना कंडक्टरची कटकट. दहा हजारांत आमच्या वेळी म्हैस यायची.

चिमणीबाई:

अण्णा, केलंय ते गेल्या वर्षी. टपरीवाला चांगला माणूस, पैसे घेईना, म्हणाला बाईंची सायकल म्हणजे घरचीच. पण त्याच्या पुतण्यालाही ती घरचीच वाटली. दर सोमवारी सीट पार आभाळाला लागलेली. ती खाली करायला पाना लागायचा आणि पाना असायचा पुतण्याकडं. मग चेनकव्हर गेलं. मग जून लागला. आमच्या त्या भागातला पाऊस तुम्हाला हिंडलग्यात बसून कळायचा नाही, चार महिने कपडे वाळत नाहीत. गोणपाट टाकूनसुद्धा ब्रेकची तार गंजून अडकली, आणि उतारावर एकदा ब्रेक दाबला तो दाबलाच जाईना. नशीब चढ आला. ती सायकल आता पुतण्यालाच दिलीय.

म्हैस घेतली असती, पण ती माडीवर कशी चढवू?

लेथ_उद्यमबाग:

ताई, दिवसभर लेथवर असतो, सायकलचा नाद आहे म्हणून सांगालोय. जरा लांबेल.

चाक लहान म्हणून सीट खाली येते हा पहिला गैरसमज. सीट किती उंच लागणार ते पायडलवरून ठरतं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या मधल्या एक्सलवर फिरतो तो एक्सल फोल्डिंगमध्येही जमिनीपासून २८-३० सेंटीमीटरवर असतो. त्याच्या खाली घेतला तर वळताना पायडल जमिनीला घासणार. म्हणजे २६ इंची असो नाहीतर २० इंची, तुमच्या पायाला लागणारी सीट तेवढ्याच उंचीवर येते. लहान चाकाचा फायदा दुसरा आहे. मधली नळी पार खाली घेता येते, त्यामुळं साडी असो, ड्रेस असो, पाय उचलून पलीकडं टाकावा लागत नाही. पुढच्या बाजूला सरळ उतरता येतं. तुमच्या कट्ट्याचा प्रश्न तिथं सुटतो.

आता माप. उंचीवर जाऊ नका, पायाची लांबी मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मधे आडवं धरून, सीटवर बसल्यावर दाब येतो तेवढा दाब देत, वर घ्यायचं. पुस्तकाची वरची कड जमिनीपासून किती ते टेपनं बघा. त्या आकड्याला ०.८८३ नं गुणा. जे येईल ते मधल्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, सीटच्या नळीच्या रेषेत मोजलेलं. हा शर्यतवाल्यांचा हिशोब आहे, तुम्ही दोन-तीन सेंटीमीटर कमी धरा. हिशोब नको असेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलायला नको.

दुकानात टेप घेऊनच जा. सीट सगळ्यात खाली केल्यावर किती येते, ते आधी बघा. बाकीचं सगळं नंतर. फोल्डिंग सगळी एकाच मापात येते, "सगळ्यांना बसते" म्हणून विकतात. पण सगळ्यांना म्हणजे उंच माणसाला. सीटची दांडी वर काढली की सहा फुटी बसतो, त्याचा प्रश्न मिटला. तुमच्यासारख्यांचा प्रश्न खालच्या टोकाला आहे.

मग हँडल. जुने मिस्त्री करतात ते करा: कोपर सीटच्या टोकाला लावा आणि हात पुढं पसरा. बोटांची टोकं हँडलला लागली किंवा दोन बोटं कमी पडली तर चालेल. वीतभर कमी पडली तर संध्याकाळी खांदे बोलणार. सीट खाली घेतली की ती थोडी पुढंही येते, कारण सीटची नळी कललेली असते. हा भाग तुमच्या बाजूचा. पण हँडलची दांडी खालीवर होणारी आहे का बघा. स्वस्तातल्या बऱ्याच सायकलींना ती एकाच उंचीची असते, मग बुटक्या माणसानं चालवली की मोटारसायकलचं उंच हँडल धरल्यासारखं दिसतं. राग मानू नका, मी पण पाच-दोन आहे.

टायर. बाजूवर रिमच्या मापाचा आकडा बघा, ४०६ की ४५१. दोन्हीला लोक २० इंचीच म्हणतात. ४०६ म्हणजे पोरांच्या सायकलचा टायर, खानापुरातसुद्धा मिळेल. ४५१ मागवावा लागतो. तुमच्या रस्त्याला १.७५ किंवा २.१२५ इंच जाडीचा असलेला बरा, लहान चाक खड्ड्यात जास्त बसतं.

गिअर नसला तर मिस्त्रीला दाते मोजायला सांगा. पुढं ४४ आणि मागं १६ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटरच्या वर जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तरी तासाला पंधरा किलोमीटर. "लहान चाकाला पाय फार मारावे लागतात" म्हणणाऱ्यांना हे दाते दाखवा. चढ जास्त असेल तर मागं १४ ते २८ वालं सात गिअरचं घ्या.

उगारकर:

मी उगार खुर्दहून मिरजेला रेल्वेनं जातो, मधे फक्त शेडबाळ आणि विजयनगर. राज्य बदलतं ते कळतसुद्धा नाही. चार वर्षं फोल्डिंग सायकल घेऊन जातोय, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, वजन. जाहिरातीत घडीचे फोटो बघून सगळे भुलतात, वजन कुणी विचारत नाही. या भावातली सायकल १३ ते १५ किलोची असते. घरी करायची परीक्षा सांगतो. गॅसची रिकामी टाकी साधारण १५-१६ किलो भरते. ती उचलून एकदा जिना चढा, खाली या, परत चढा. तिसऱ्या वेळेला शिवी आली तर सायकल नको.

दुसरी, नेताना ती सायकल दिसता कामा नये. रेल्वेच्या डब्यात पेटी न्यायला माप आहे १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर. २० इंची सायकल घडी केली तरी जाडीला ३५-४० होते, म्हणजे नियमावर बोट ठेवलं तर बसत नाही. पण मी बायकोच्या जुन्या सतरंजीची पिशवी शिवून घेतली. त्यात घातलं की ते सामान. उघडी नेली की "ओ, सायकल कुठं चढवताय?" सुरू. चार वर्षांत मला दोनदाच विचारलं, तेही कुतूहलानं.

कुणी १६ इंची सुचवेल. ब्रॉम्प्टन लंडनला बनते, १६ इंची चाक, घडी बघून जीव जाईल अशी. पण ती लाखाच्या वर. आणि तिचा टायर ३४९, आपल्याकडच्या पोरांच्या सोळा इंचीचा ३०५, एकमेकांना बसत नाहीत. तुमच्या रस्त्याला २० इंचीच बरी. आमच्याकडं उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण होते, १६ इंचीवर दात हलतील.

चिमणीबाई:

लेथदादा, पुस्तक धरून मोजलं. पहिल्यांदा भाच्याचं गणिताचं घेतलं, ते पातळ होतं, मग शब्दकोश घेतला. ६५ सेंटीमीटर. गुणिले ०.८८३ म्हणजे ५७.४. तुम्ही म्हणालात तसं कमी करून ५५ धरते.

उगारकर, टाकी घेऊन दोनदा चढले. तिसऱ्यांदा शिवी आली नाही, पण शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि टाकी संपली का, आमची देऊ का म्हणाल्या. त्यांना काय सांगायचं?

नव्या सायकली बघितल्या, भाव बारा-पंधराच्या पुढंच. एका ठिकाणी कोपऱ्यातली सीट खाली करून मागितली, तर दुकानातला पोरगा म्हणाला, "एवढी खाली कुणी करत नाही." त्याच्याशी काय वाद घालणार. टिळकवाडीत एक इंजिनिअरिंगचा पोरगा शेवटचं वर्ष संपवून गावी चाललाय, त्याची फोल्डिंग आहे, सहा गिअर, साडेसात हजार म्हणतो. स्टिकर निघून गेलंय, कंपनी त्यालाही आठवत नाही. जुन्यात काय बघू?

लेथ_उद्यमबाग:

बिजागरी. बाकी सगळं बदलता येतं, बिजागरी म्हणजे सायकलचा कणा. उघडून, लॉक लावून, पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल पुढं-मागं हलवा. दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीच्या फटीवर ठेवा. बोटाला टकटक लागली तर लिव्हर सैल आहे का बघा. घट्ट करूनही लागली तर परत या. हँडलच्या दांडीलाही तसंच. मग बिजागरीच्या दोन्ही बाजूंच्या वेल्डिंगवर ओल्या फडक्यानं पुसून केसाएवढी रेघ आहे का ते उजेडात बघा. रंग उडाला असेल तर हरकत नाही, रेघ दिसली तर फुकट दिली तरी नको.

सीटची दांडी तेलकट असेल तर पुसून घ्या. काही लोक प्रेमानं ग्रीस लावतात, मग चालवताना सीट हळूहळू खाली बसते. तुम्हाला आणखी खाली जाऊन चालणार नाही.

चेनकव्हर आहे का? ओढणीचं बघा.

चिमणीबाई:

घेतली. सात हजारांत. पोराच्या आईला फोन लावून भाव केला, त्याच्याशी केला असता तर पापी ठरले असते.

टकटक नाही, रेघ नाही. टायरवर ४०६. चेनकव्हर अर्धंच. आता रडगाणं ऐका.

पहिल्या दिवशी भीतीपोटी सीट पार खाली केली. दोन्ही पाय पूर्ण टेकले. आठवीपासूनची इच्छा पूर्ण झाली म्हणून गल्लीत तीन फेऱ्या मारल्या, कट्ट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी घेऊन फाट्यावर उतरले. आत जाताना गावच्या शिवेवर लोकांनीच केलेला एक गतिरोधक आहे, सिमेंटचा, उंट बसल्यासारखा. त्यावरून जाताना खालून खर्रर्र असा आवाज आला आणि सायकल जागच्या जागी उभी. मी हँडलवर. पडले नाही, पण डबा पडला, आणि डब्यातली उसळ गावच्या कुत्र्यानं माझ्यासमोर शांतपणे खाल्ली.

वाकून बघितलं तर सीटची दांडी! सीट खाली केली म्हणजे दांडी नळीतून आरपार खाली उतरली होती, मधल्या एक्सलच्याही खाली. जमिनीपासून जेमतेम चार बोटं. मला वाटायचं सीट खाली म्हणजे वरचं खाली आलं, विषय संपला. ते वरचं जाणार कुठं याचा विचारच केला नाही.

आणि त्या एका आठवड्यात गुडघे एवढे दुखले, की पोरांना उठाबशा काढायला सांगताना मलाच वाईट वाटायचं. हे त्या सीटमुळंच का?

ओढणी एकदा गेली चेनीत. जुनी होती. आता कमरेला गाठ मारते.

लेथ_उद्यमबाग:

चूक माझी ताई, दांडीचं मीच सांगायला हवं होतं. फोल्डिंगची दांडी लांबलचक असते, बऱ्याच सायकलींत ती आरपार जाते, घडी केल्यावर तिच्याच टोकावर सायकल उभी राहते. उंच माणसाला त्याचा काही त्रास नाही, त्याची दांडी वरच असते. बुटक्यांच्या पायाखाली ती शेपटी राहते.

गुडघे सीटमुळंच. दोन्ही पाय पूर्ण टेकतात म्हणजे पायडल मारताना गुडघा छातीला येतो. ५५ वर आणा. पाय टेकणार नाहीत, चवडा पण जेमतेम. घाबरू नका. थांबताना सीटवर बसून राहायचंच नाही. ब्रेक लावत पुढं सरकायचं आणि मधल्या नळीच्या पुढं पाय टेकून उभं राहायचं. नळी खाली आहे ना, ती त्याचसाठी. आधी गल्लीत दहा वेळा करून बघा.

मग शेपटी किती उरते ते मोजा. जास्त असेल तर कापता येते, पण स्वतः करू नका. दांडीवर एक खूण असते, त्याच्या वर दांडी काढायची नाही म्हणून. ती खूण खालच्या टोकापासून मोजलेली असते. खालून कापलं की ती खूण खोटी ठरते. शनिवारी दुपारनंतर उद्यमबागेत आणा, कापून देतो.

चिमणीबाई:

शनिवारी जाऊन आले. दादा, चहाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते उधार.

सगळ्यांच्या माहितीसाठी लिहिते. सीट ५५ पर्यंत वर घेतली, तेवढी शेपटी आपोआप वर गेली. उरलेल्यातली सात सेंटीमीटर कापली. लेथदादांनी हॅकसॉ लावण्याआधी चार वेळा मोजलं आणि मला पाचव्यांदा मोजायला लावलं. कापल्यावर कड कानशीनं गोल केली. नवी खूण करताना मी म्हटलं कानशीनंच एक रेघ ओढा, तर केवढ्यानं ओरडले. खाच पडली की दांडी तिथूनच तुटते म्हणे. मग लाल ऑइलपेंटनं रेघ मारली, जुन्या खुणेपेक्षा सात सेंटीमीटर वर. वर "यावर नको" असं मी लिहिलं, माझ्या फळ्यावरच्या अक्षरात. माझ्या भावाला सायकल द्यायची नाही, अशी तंबीही मिळाली. तो पाच-नऊ आहे, त्याला हवी तेवढी सीट काढली तर आत धरायला दांडीच उरायची नाही.

क्रँकचं पण विचारलं होतं मी. आपल्या नेहमीच्या सायकलींना बऱ्याचदा १७० मिलिमीटर लांबीचा असतो, माझ्या पायाला १५२ चा बरा पडेल म्हणतात. पण फोल्डिंगला कॉटरची खीळ नसते, चौकोनी एक्सल असतो, त्यावरून क्रँक काढायला पुलर नावाचं हत्यार लागतं. गुडघे दुखायचे थांबले म्हणून तूर्त राहू दिलंय. पैसेही संपलेत.

उतरायचं जमलं. दहा वेळा नाही, चाळीस वेळा लागलं. मालकांचे विणकर माग थांबवून दारात बघत उभे होते, एकानं तर मोजलं.

आता साडेतीन किलोमीटरला अठरा-वीस मिनिटं. जाताना शेवटचा चढ मी उतरून चढवते. लाज वाटत नाही, तिथं मोटारसायकलवालेही पहिल्या गिअरला येतात.

बसचं: उगारकरांसारखी सतरंजी आमच्याकडं नव्हती, खालच्या मागावरची खराब निघालेली साडी दुहेरी करून शिवली. जरीकाठी पिशवी झालीय. मागच्या सीटच्या पाठीमागं उभी राहते. एका कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं, एकानं उचलायला मदत केली, एकीनं विचारलं लग्नाला चाललाय काय. सकाळच्या गर्दीत मात्र एक बस सोडावी लागते, सगळ्या बायका चढल्या की पायरीवरसुद्धा जागा नसते. हे आधीच धरून चाला.

अण्णा_हिंडलगा:

साडेसातचे सात केले तेवढं बरं केलं. पावसात काय करणार?

चिमणीबाई:

पावसात पुसते, अण्णा. वर नेल्यावर आधी बिजागरी आणि चेन कोरड्या फडक्यानं, मग चेनीला दोन थेंब तेल. दांडीला तेल नाही. रिमला ब्रेक आहेत, ओले झाले की उशिरा धरतात, त्यामुळं उतारावर आधीपासून हळूहळू दाबत जाते. जोराचा असेल तर चालवतच नाही, छत्री आणि ढकलगाडी. पण सायकल घरी असते, पुतण्याकडं नाही, हे किती मोठं आहे ते तुम्हाला कळायचं नाही.

निपाणीची_सून:

ताई, सगळं वाचून काढलं. मी चार फूट दहा. सासर निपाणी, माहेर शहापूर, पुढच्या आठवड्यात येणार आहे. मी आजवर एकाही सायकलवरून धड उतरलेली नाही. तुमची एकदा चालवून बघितली तर चालेल का? दुकानात सीट खाली करून मागायची लाज वाटते हो.

चिमणीबाई:

या की. रविवारी सकाळी या, माग बंद असतात, बघायला कुणी नसतं. येताना जाड पुस्तक घेऊन आपलं माप घरीच काढून ठेवा, शब्दकोश असेल तर उत्तम. ओढणीला गाठ मारा. सीट तुमच्यासाठी बोटभर वर करू, लाल रेघ अजून लांब आहे.